न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर



आपल्या रेणापूरला नदी आहे, धरण आहे; समुद्र मात्र शेकडो किलोमीटर दूर. तरीही आज मी आपल्याशी शिडाच्या एका जुन्या होडीविषयी बोलणार आहे. कारण त्या होडीच्या विक्रीतून जो प्रश्न उभा राहिला, तोच प्रश्न आपल्याकडच्या बैलबाजारात उभा असतो आणि आपल्या दारातल्या जुन्या मोटारसायकलीपाशीही उभा असतो.

प्रश्न असा : मी एक वस्तू विकतो आहे. तिच्यातला दोष मला ठाऊक आहे. घेणाऱ्याने त्याविषयी काही विचारलेले नाही. तर तो दोष आपणहून सांगण्यास मी बांधलेला आहे काय?

सेमिनरीत माझ्याबरोबर तत्त्वज्ञान शिकलेला एक मित्र पुढे धर्मगुरू न होता मुंबईत नोकरीला लागला. मूळचा तो वसईकडचा, त्यामुळे पाण्याचे वेड घरचेच. दहाएक वर्षांपूर्वी त्याने दोन भावांना भागीदार करून घेऊन सुमारे तीस फूट लांबीची शिडाची एक जुनी होडी विकत घेतली. आता वय झाले, भाऊही आपापल्या संसारात गुंतले, म्हणून ती विकायला काढली. त्या वेळी त्याने मला जे पत्र लिहिले, ते त्याच्या परवानगीने पण नाव न सांगता आपल्यापुढे मांडतो.

त्यासाठी अशा होडीविषयी थोडे सांगायला हवे. मुंबईच्या बंदरात शिडाच्या होड्यांचा छंद फार जुना आहे. तिथला रॉयल बॉम्बे यॉट क्लब १८४६ सालचा. आजही पावसाळा संपला की छंदी मंडळी आपल्या होड्या पाण्यात उतरवतात. बहुतेकांची अपेक्षा अशी, की एकाच होडीने दोन कामे करावीत. सुटीच्या दिवशी क्लबच्या शर्यतीत उतरता यावे आणि चार दिवसांची रजा मिळाली की बायकामुलांना घेऊन किनाऱ्याकिनाऱ्याने अलिबाग, मुरूड असे फिरून यावे. शर्यतीला होडी हलकी आणि शिडे नवी हवीत. फिरतीला पाण्याची टाकी, झोपायची जागा, भक्कम नांगर आणि भरवशाचे इंजिन हवे. दोन्ही गोष्टी साधणारी नवी होडी सामान्य नोकरदाराच्या आवाक्यापलीकडे असते. म्हणून जुनीच पाहिली जाते.

जुनी होडी म्हणजे वाईट होडी नव्हे. फायबरग्लासची बांधणी नीट राखली तर अनेक दशके टिकते. आपल्या लष्कराच्या कोअर ऑफ इंजिनिअर्समधील अधिकाऱ्यांनी 'तृष्णा' नावाच्या ३७ फुटी होडीतून जगाला प्रदक्षिणा घातली. १९८५ च्या सप्टेंबरात मुंबईहून निघून ते १९८७ च्या जानेवारीत परत आले. ती होडीही इंग्लंडमध्ये वापरलेलीच घेतली होती. आणखी मागे जायचे तर गालील सरोवराकडे पाहा. १९८६ साली दुष्काळाने तिथले पाणी आटले आणि चिखलात प्रभू येशूच्या काळातील एक होडी सापडली. आठ मीटरांहून थोडी लांब. तिच्यात नाना जातींची लाकडे आहेत, इतर होड्यांतून काढलेले तुकडे आहेत, पुन्हा पुन्हा केलेल्या दुरुस्तीच्या खुणा आहेत. त्या काळचे कोळीही जुन्यालाच ठिगळ लावून पोट भरत होते. तेव्हा जुने असण्यात कमीपणा नाही. प्रश्न आहे तो लपवण्याचा.

अशी होडी घेणारा शहाणा माणूस काय काय पाहतो? डेकवर लहान हातोडीने ठोकत जातो; आवाज भरीव आला तर ठीक, बद्द आला तर आत पाणी मुरले असे समजतो. तळावर फोड आलेत का ते बघतो. डोलकाठीला ताणून धरणाऱ्या पोलादी तारा किती वर्षांच्या आहेत ते विचारतो. शिडे उलगडून त्यांचा ताण पाहतो. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे कील. होडीच्या पोटाखाली शिशाचे किंवा लोखंडाचे जे जड पाते असते, त्याला कील म्हणतात. वाऱ्याने होडी कलली तरी तिला पुन्हा सरळ उभी करते ती हीच. ती जाड बोल्टांनी तळाला जखडलेली असते. ती सुटली तर होडी क्षणात उलटते.

माझ्या मित्राची होडी दोन वर्षांपूर्वी खांदेरीच्या बाजूला ओहोटीच्या वेळी एका खडकावर आदळली होती. कील खाली अडकली की होडीचा सगळा रेटा तिच्या मुळाशी येतो. बाहेरून एक बारीक चीर दिसली, ती लुकण भरून रंगवून टाकली. आतला सांगाडा तळापासून सुटला आहे की काय, हे त्याने कधी उघडून पाहिले नाही. त्यानंतर होडी चांगली चालली. दोन शर्यतीही झाल्या.

आता घ्यायला आले एक तरुण जोडपे. दोन लहान मुले. त्यांनी शिडे पाहिली, इंजिन चालवून पाहिले, मुलांना झोपायची जागा दाखवली. कीलविषयी काही विचारले नाही. तपासनीस आणायचा विषय निघाला तेव्हा तो तरुण म्हणाला, "काका, तुम्ही इतकी वर्षं चालवताय, काही असतं तर तुम्ही सांगितलंच असतं की!" मित्र हसला आणि गप्प राहिला. त्या रात्री त्याने मला लिहिले : "मी एक शब्दही खोटा बोललो नाही. त्यांनी विचारलं असतं तर सांगितलं असतं. आता तूच सांग, माझं काय चुकलं?"

आपण आधी कायदा काय म्हणतो ते पाहू. आपल्याकडे १८७२ चा करार कायदा आहे. त्याचे कलम १७ सांगते की नुसते गप्प राहणे म्हणजे फसवणूक नव्हे. आणि समजावून देण्यासाठी घोड्याचे उदाहरण देते. एकाने लिलावात दुसऱ्याला घोडा विकला. घोडा बरा नाही हे विकणाऱ्याला ठाऊक होते. तो काही बोलला नाही. कायद्याच्या मते ही फसवणूक नाही. वस्तूंच्या विक्रीचा १९३० चा कायदाही मुळात हेच धरून चालतो, की घेणाऱ्याने आपले डोळे उघडे ठेवावेत. (जमीन किंवा घर असेल तर मात्र १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे, घेणाऱ्याला साध्या काळजीने कळणार नाही असा महत्त्वाचा दोष ठाऊक असेल तर तो सांगावाच लागतो.)

पण त्याच कलम १७ खाली आणखी दोन उदाहरणे आहेत, आणि ती फार बोलकी आहेत. एक असे : घेणारा म्हणतो, तुम्ही नाही म्हटले नाही तर मी घोडा ठीक आहे असे समजतो. यावर विकणारा गप्प राहतो. कायदा म्हणतो, इथे गप्प राहणे हेच बोलणे झाले. माझ्या मित्राने हसून सोडून दिलेले वाक्य आठवा! दुसरे उदाहरण तर त्याहून नेमके आहे. घोडा घेणारी विकणाऱ्याची मुलगी आहे, नुकतीच सज्ञान झालेली. इथे त्या नात्यामुळेच बापाला दोष सांगावा लागतो. त्या उदाहरणाकडे आपण शेवटी येऊ.

आपल्याकडचे शेतकरी म्हणतील, फादर, बाजाराची रीतच अशी आहे. हाळी-हंडरगुळीच्या बाजारात किंवा माळेगावच्या यात्रेत बैल घेणारा दात मोजतो, खूर उचलतो, चालवून पाहतो. मग उपरण्याखाली बोटे धरून सौदा होतो. विकणारा आपल्या बैलाची खोड कशाला सांगेल? झाकली मूठ सव्वा लाखाची! या बोलण्यात थोडे तथ्य आहे, म्हणून ते नीट तपासले पाहिजे.

हा वाद दोन हजार वर्षांहून जुना आहे. रोमन विचारवंत सिसेरो याने ख्रिस्तपूर्व ४४ साली लिहिलेल्या कर्तव्यांवरील ग्रंथात तो मांडला आहे. ऱ्होड्स बेटावर दुष्काळ पडला आहे. एक व्यापारी अलेक्झांड्रियाहून धान्याचे जहाज घेऊन येतो. मागून आणखी धान्याची जहाजे येत आहेत हे त्याने वाटेत पाहिले आहे. हे लोकांना सांगावे, की गप्प राहून चढ्या भावाने विकावे? डायोजिनिस नावाचा तत्त्वज्ञ म्हणतो, लपवणे वेगळे आणि न सांगणे वेगळे. सगळे सांगायला मी बांधलेला नाही. त्याचा शिष्य अँटिपेटर म्हणतो, माणसांचे हित एकमेकांत गुंतलेले आहे, म्हणून सगळे सांगितलेच पाहिजे. सिसेरो शिष्याच्या बाजूने कौल देतो.

पुढे तेराव्या शतकात संत थॉमस अ‍ॅक्विनास यांनी हा गुंता अधिक काळजीने सोडवला. त्यांच्या विचारातून आपल्याला तीन भेद हाती लागतात.

पहिला भेद : बाजारातली गोष्ट आणि वस्तूतली गोष्ट. मागून जहाजे येणार, भाव उतरणार, ही बाजारातली गोष्ट झाली. व्यापाऱ्याने ती सांगितली तर ते अधिक चांगले, पण न सांगितल्याने तो अन्याय करत नाही. धान्य जसे आहे तसेच तो देतो आहे. मात्र धान्य किडलेले असेल तर तो दोष वस्तूतच आहे. त्याच न्यायाने माझ्या मित्राने होडी का विकायला काढली, किती खाली यायला तो तयार आहे, हे सांगण्याची गरज नाही. घासाघीस करणे पाप नाही. पण कील हा होडीचा भाग आहे.

दुसरा भेद : उघडा दोष आणि झाकलेला दोष. संत थॉमस एका डोळ्याच्या घोड्याचे उदाहरण देतात. तो दोष घेणाऱ्याला समोर दिसतो. किंमत त्या मानाने कमी घेतली असेल तर त्याविषयी बोललेच पाहिजे असे नाही. आपल्या भाषेत सांगायचे तर मोडके शिंग कोणालाही दिसते. पण औताला जुंपल्यावर भर दुपारी तासात खाली बसणारा बैल बाजारात ओळखू येत नाही. होडीची विटलेली शिडे हे मोडके शिंग आहे. रंगाखालची चीर हा बसका बैल आहे.

तिसरा भेद : तोटा आणि धोका. झाकलेल्या दोषाने घेणाऱ्याचे नुकसान होणार असेल किंवा जिवाला धोका असेल, तर तो सांगणे हे न्यायाचे देणे आहे, दयाधर्म नव्हे. आणि इथे ते एक व्यवहारी सवलतही देतात. दवंडी पिटून सगळ्या गावाला दोष सांगायची गरज नाही. तसे केले तर कोणी फिरकणारच नाही. जो घ्यायला येईल त्याला एकट्याला बाजूला घेऊन सांगावे. मग चांगले आणि वाईट तोलून तो ठरवील.

यावर कोणी म्हणेल, दोन वर्षे होडी चालली, म्हणजे काही झाले नसणार. मग उगाच भीती कशाला घालावी? याचे उत्तर समुद्राने दिलेले आहे. २०१४ च्या मे महिन्यात 'चीकी राफिकी' नावाची शर्यतीची होडी कॅरिबियन समुद्रातून इंग्लंडला परतत होती. भर अटलांटिक महासागरात तिची कील सुटली, होडी उलटली आणि चारही खलाशी गेले. नंतरच्या चौकशीत असे पुढे आले की पूर्वी ती जमिनीला लागली होती. त्या आघातांनी आणि नंतरच्या दुरुस्त्यांनी कील व सांगाड्याची पकड कमजोर झाली असावी. असा दोष बाहेरून बघून कळत नाही. होडी चालते आहे यावरूनही कळत नाही.

पण माझा मित्र आणखी एक म्हणू शकतो, आणि ते त्याने म्हटलेही : "दोष आहे हे मला तरी कुठे नक्की ठाऊक आहे? मी आत पाहिलेलंच नाही." बंधुभगिनींनो, इथे खरा फास आहे. विल्यम क्लिफर्ड नावाच्या इंग्रज गणितज्ञाने १८७७ साली एक निबंध लिहिला. त्यात एक जहाजमालक आहे. जहाज जुने आहे, दुरुस्तीला आले आहे, अशी शंका त्याच्या मनात येते. पण खर्च मोठा. मग तो स्वतःची समजूत घालतो : इतक्या सफरी झाल्या, ही पण होईल, देव या गरीब प्रवाशांना सांभाळील. हळूहळू त्याचा खरोखरच विश्वास बसतो. जहाज निघते, बुडते, आणि तो विम्याचे पैसे घेतो. क्लिफर्ड म्हणतो, तो माणूस अपराधीच आहे. कारण तो विश्वास त्याने तपास करून मिळवलेला नव्हता, शंका गाडून मिळवलेला होता. आणि जहाज सुखरूप पोचले असते, तरी त्याचा अपराध तसूभर कमी झाला नसता. फक्त तो उघडकीस आला नसता.

देवावर भरवसा आणि शंका दडपणे यांत फरक आहे. प्रेषितांच्या कृत्यांच्या सत्ताविसाव्या अध्यायात संत पौल कैदी म्हणून जहाजावर आहे. हंगाम उलटून गेला आहे. त्याला कोणी विचारलेले नाही, त्याला त्यात काही मिळणार नाही, तरी तो उठून सांगतो की हा प्रवास धोक्याचा आहे. शताधिपती मात्र सुकाणू धरणाऱ्याचे आणि जहाजमालकाचे ऐकतो. जहाजावर २७६ जीव होते. देवाच्या कृपेने सगळे वाचले, जहाज फुटले. पौलाचा देवावर पूर्ण विश्वास होता, आणि म्हणूनच तो न विचारता बोलला.

घेणाऱ्याचेही काही कर्तव्य आहे, हे विसरू नये. ज्याच्या होडीत त्याची मुले बसणार, त्याने तपासनिसाचे पैसे वाचवणे हा काटकसरीचा मार्ग नव्हे. आणि संत थॉमस पुढे सांगतात की विकणाऱ्याला आपल्या वस्तूचे मोल ठाऊक नसेल, तो सोने पितळ समजून देत असेल, तर ते ओळखूनही गप्प राहणारा घेणाराही अन्यायी ठरतो. नवऱ्याच्या पश्चात एखादी बाई त्याची होडी, त्याची शेती, त्याचा ट्रॅक्टर विकायला काढते. तिला भाव ठाऊक नसतो. तिथे 'स्वस्तात मिळाले' असे म्हणून घरी पेढे वाटणाऱ्याने हा नियम लक्षात ठेवावा.

मी मित्राला थोडक्यात असे लिहिले : होडी खडकावर आदळली तेव्हा ती तुझी होती. तो तोटा त्या दिवशी झाला आणि तो तुझा आहे. आजवर तू तो मोजला नाहीस, इतकेच. गप्प राहून होडी विकशील तेव्हा तू नुसती होडी विकणार नाहीस. स्वतःचा तोटा, त्यांना न सांगता, त्या मुलांच्या आईबापांच्या गळ्यात बांधशील. न विचारलेला प्रश्न त्यांनी विचारलाच आहे, कारण तुझ्यावर विश्वास टाकणे हाच त्यांचा प्रश्न होता.

त्याने त्यांना बोलावून सगळे सांगितले. आपण अपेक्षा करू की त्यांनी आभार मानून, थोडी किंमत कमी करून होडी घेतली असेल. तसे झाले नाही. ते जोडपे नाराज झाले, की हे आधी का सांगितले नाही. आणि होडी न घेता परत गेले. कील उतरवून आत पाहायचे तर खर्च मोठा आहे. भाऊ त्याच्यावर रागावले आहेत. त्याचे शेवटचे पत्र आले तेव्हा होडी यार्डात लाकडी टेकूंवर उभी होती आणि जागेचे भाडे चालू होते. हे मी मुद्दाम सांगतो. खरे बोलणाऱ्याला लगेच फायदा होतो असे सांगून मी आपली दिशाभूल करणार नाही. खऱ्याला किंमत पडते. म्हणून तर ते खरे बोलणे ठरते. फुकट असते तर सगळेच बोलले असते.

आता त्या बाप-मुलीच्या उदाहरणाकडे येऊ. घेणारी आपली मुलगी असेल तर बापाने बोललेच पाहिजे, असे कायदा सांगतो. बाकीच्यांबाबत तो आपल्याला मोकळे सोडतो. कायद्याची हद्द तिथे संपते, आणि माझ्या मते त्यात कायद्याची चूक नाही; सगळ्या जगाला नात्यात बांधणे हे न्यायालयाचे काम नव्हे. पण आपण दर रविवारी वेदीभोवती जमून एकाच पित्याला हाक मारतो. त्यानंतर बाजारात भेटलेला माणूस परका आहे, असे म्हणण्याची सोय आपल्याला राहत नाही.

तेव्हा या आठवड्यात आपल्यापैकी कोणी बैल विकत असेल, मोबाइल विकत असेल, पाणी न लागलेल्या बोअरचा प्लॉट विकत असेल, तर सौदा पक्का होण्याआधी एकच गोष्ट करा. समोर आपली मुलगी उभी आहे असे समजा, आणि तिला जे सांगितले असते ते त्यालाही सांगा. बाजूला घेऊन सांगा, हळू आवाजात सांगा, पण पैसे हातात घेण्यापूर्वी सांगा.

प्रभू आपणा सर्वांना आशीर्वाद देवो.

आपला,
धर्मगुरू, रेणापूर